माणसांमागची भिंतही बघा!

मैत्रिणींनो, घरातले जुने फोटो एकदा काढून बघा. मुंजीचे, डोहाळजेवणाचे, गौरी-गणपतीचे. माणसं सगळी आहेत, पण घर कुठं आहे? कुठं अर्धा खांब, कुठं कोनाड्याची कड, एवढंच! आता तर प्रत्येकीच्या पर्समध्ये मोबाइल, म्हणजे कॅमेराच असतो. तरी भिंत आपली तशीच राहून जाते.

नक्षी बघायला वेगळं शिक्षण लागत नाही बरं का. ठिपके मोजून रांगोळी काढणारी, साडीचे काठ दुरून पारखणारी आपली नजर पुरेशी आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले ते अणकुचीदार खिळे म्हणजे लोखंडी ठिपक्यांची रांगोळीच! दुसऱ्या बाजीरावांच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जावरचे कोरीव सुरूदार खांब बघा. आणि १८८६ साली सुरू झालेली आपली महात्मा फुले मंडई? तिथं आपली नजर वांगी-गवारीवरून हलत नाही. एकदा मान वर करून तो अष्टकोनी मनोरा आणि टोकदार कमानी बघा.

यात हौस आहेच, पण नुसती हौस नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली कितीतरी घरं एका दिवसात गेली. त्यानंतर उरलेले वाडेही एकेक करून उतरत आले. त्यात राहणाऱ्यांना नावं ठेवू नयेत. गळकं छप्पर आणि सामाईक संडास ज्यांनी वर्षानुवर्षं सोसला, त्यांना फ्लॅट हवासा वाटला तर त्यात नवल काय? दिनकर केळकरांनी जुने कोरीव दरवाजे, खिडक्या जमवून आपल्या संग्रहालयात ठेवल्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भागही तिथं आणून उभे केले. ते आपल्याला कुठलं जमायला? पण फोटो तर जमेल.

मी शिकवते त्या शाळेत सातवीच्या मुलींना सांगितलं, आपल्या गल्लीतली एक नक्षी टिपून आणा. एकीनं आजीच्या वाड्यातल्या जिन्याचा लोखंडी कठडा आणला. दिवाळीनंतर तो वाडा उतरला. आजींनी तो फोटो मोठा करून घेतला आणि नातीला दाखवला, "हा वाकडा गज दिसतोय ना, तो तुझ्या बाबानं लहानपणी वाकवलाय." वाड्यात काढलेल्या लग्नाच्या अल्बममध्ये तो गज कुठंच नव्हता.

तेव्हा एवढं करा:

* सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना फोटो काढा. तिरप्या उन्हात कोरीवकामाच्या खाचांत सावली पडते आणि नक्षी उठून दिसते. भर दुपारी ती फिकी पडते.
* अगदी समोर उभ्या राहा, मोबाइल सरळ धरा. तो वर कलला की खांब मागे झुकल्यासारखे दिसतात.
* झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढं जा. एक फोटो पूर्ण दाराचा, एक नुसत्या कडीचा. कडीशेजारी हात ठेवलात तर तिचं माप कळतं.
* घर दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा. बहुतेक ठिकाणी चहा मिळतो, शिवाय माहितीही!
* निवडक फोटो छापून घ्या. मागे मऊ पेन्सिलीनं वाड्याचं नाव, पेठ, तारीख आणि तिथं कोण राहत होतं ते लिहा. बॉलपेननं लिहिलं तर पुढच्या बाजूला वळ उठतात.

सुट्टीत माहेरी जाल तेव्हा आईला विचारा, "या घरातली कुठली जागा तुला सगळ्यांत आवडते?" आणि तिथलाच फोटो आधी काढा. आईलाही त्यात उभं करा, पण थोडं बाजूला हं!