कोठ्याची खोली आणि मालकाची सही

शहरातल्या बाईला गॅरेजची खोली करायची असते, आपल्या रिठदच्या बाईला कोठ्याची. बैल विकले, ट्रॅक्टर भाड्याने येतो, कोठा रिकामा पडतो. तिथे भिंत घालून शिलाई मशीन टाकावी किंवा मिरची कांडपयंत्र बसवावे, एवढाच तिचा विचार. पण गावात बांधकाम वा फेरबांधणी करायची तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आगाऊ परवानगी हवी. विनापरवाना बांधले तर पाडायची नोटीस येऊ शकते. नियम असावाच. सांडपाणी शेजारणीच्या दारात सोडू नये, याला कोण नाही म्हणेल?

आमचे भांडण पुढे आहे. अर्जाला नमुना ८ चा उतारा जोडायचा आणि त्यावर नाव सासऱ्याचे, नाही तर नवऱ्याचे. बाईने अर्ज पुढे केला की पहिला प्रश्न, मालकाची सही कुठे? वास्तविक नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद. मालकी त्याने ठरत नाही. कलम ५२ सुद्धा 'व्यक्ती' म्हणते, पुरुष म्हणत नाही. (तलाठ्याचा ८-अ वेगळा, तो जमिनीचा. गल्लत करून बायांना या दारातून त्या दारात पिटाळले जाते.)

सही ही साधी गोष्ट नाही, मैत्रिणींनो. पिणाऱ्या नवऱ्याला ती विकता येते. दुसरीबरोबर राहणाऱ्याला ती वर्षानुवर्षे अडवता येते. विधवा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पहिल्या वर्गाची वारस, तरी दीर म्हणतो, आधी वाटणी होऊ दे. आणि नवरा जेव्हा चुलीची खोली पाडून मोटारसायकलीला शेड बांधतो, तेव्हा बायकोची सही कोण मागतो?

शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीने बायकोच्या नावे जमीन करण्याचा प्रश्न गावोगाव नेला. घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असे परिपत्रक ग्रामविकास विभागाने २००३ साली काढले. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. मग रजिस्टरात दुसरे नाव लिहायला शाई संपते का?

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. तिथे ठराव मांडा: गावातल्या प्रत्येक घराची नोंद दोघांच्या नावे, आणि बांधकामाच्या अर्जावर, तो कुणाचाही असो, दोघांच्या सह्या. ठराव इतिवृत्तात उतरला का, ते उठण्याआधी मोठ्याने वाचून घ्या.