वाइनचा पेला आणि विसावा हिस्सा

परवा एका माजी विद्यार्थी मेळाव्याची पत्रिका हातात पडली. संस्थेचं नाव घेत नाही. एकीचं नाव घेऊन बाकीच्यांना का सोडायचं? गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं आणि तीन बैठका. सकाळी उद्योजकता, संध्याकाळी वाइन, रात्री जेवणाआधी दातृत्व. म्हणजे आधी पैसा कसा केला ते सांगायचं, मग पेला उचलायचा, आणि पेला उतरायच्या आत गरिबाच्या नावानं चेक फाडायचा. तळाला बारीक अक्षरात प्रवेश फी. तेवढ्या पैशात खेड्यातून सोलापुरात शिकायला आलेल्या पोराची महिन्याची मेस भागते.

हसून कागद फेकून दिला असता. पण वक्त्यांच्या यादीत दोन नावं आपली निघाली. आपल्याच वस्तीतली. पंचशीलाच्या झेंड्याखाली वाढलेली, शिष्यवृत्तीवर शिकलेली. त्यांनी त्यांच्या पेल्यात काय ओतावं हा त्यांचा प्रश्न, असं म्हणून गप्प बसता येत नाही. कारण तिथं ते एकटे जात नाहीत. आपलं नाव घेऊन जातात. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हे मेळावे गावोगाव एकाएकी का पिकले? कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकनं आपल्या तक्त्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला जागा दिली. त्यांनी संस्थेला काय दिलं त्याला गुण मिळू लागले. तेव्हापासून संस्थांना माजी विद्यार्थ्यांची आठवण दाटून यायला लागली. पण कोणत्या? जो बँकेत मोठा साहेब झाला तो माजी विद्यार्थी. जो परदेशी गेला तो माजी विद्यार्थी. आणि जी पोरगी दुसऱ्या वर्षाला फी भरता आली नाही म्हणून घरी बसून विड्या वळायला लागली, ती कोण? जो एमआयडीसीत कंत्राटी वॉचमन आहे तो कोण? त्यांचं नाव त्याच हजेरीपटावर होतं की. त्यांना पत्रिका का नाही? कारण ते देणारे नाहीत, त्यांना द्यावं लागेल. असली ओळख कुणाला हवी?

आता एकेक बैठक घेऊ.

पहिली, उद्योजकता. या बैठकीत सांगतात की धंदा म्हणजे हिंमत, कल्पना, जिद्द. जातीचा काही संबंध नाही. सोलापुरात तर हटकून वालचंद हिराचंदांचं उदाहरण देतात. हा माणूस मोठाच होता. १८८२ साली या गावात जन्मला, जहाजं काढली, विमानाचा कारखाना काढला, मोटारीचा काढला. मान्य. पण त्यांच्या घरात आधीपासून व्यापार होता. बाजारात पत होती. पत म्हणजे काय ते आपल्याला सांगू नका. आपल्याकडं ती कधी नव्हती, म्हणून तिची किंमत आपल्यालाच ठाऊक.

दुसरं उदाहरण द्या की. बडोद्याची नोकरी अपमान सोसून सोडावी लागल्यावर बाबासाहेब मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी पेढी काढली. हिंमत होती, कल्पना होती, त्या काळच्या मुंबईत दुर्मिळ असलेलं ज्ञान होतं. गिऱ्हाईक यायला लागलं. मग कळलं की सल्ला देणारा महार आहे. गिऱ्हाईक बंद. पेढी बंद. सल्ला तोच होता, आकडे तेच होते. उद्योजकतेच्या बैठकीत ही गोष्ट कुणी सांगितलेली तुम्ही ऐकलीय?

मुंबईच्या गिरण्यांतही तेच. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. अस्पृश्याची थुंकी लागेल म्हणून विणकाम खात्यात त्याला मज्जाव. आणि मजुरी जास्त होती ती नेमकी त्या खात्यात. कसब नव्हतं म्हणून नव्हे, थुंकी आड आली.

कोल्हापुरात शाहू महाराजांना हे बरोबर कळलं होतं. गंगाराम कांबळेला त्यांनी चहाचं हॉटेल काढायला लावलं. पण पैसे देऊन हात झटकले नाहीत. महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे आणि बरोबरच्या सवर्णांनाही प्यायला लावायचे. धंद्याला भांडवल लागतं, पण भांडवलाआधी गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईकाच्या डोक्यात जात असते. हे एका राजाला शंभर वर्षांपूर्वी कळलं. एमबीए झालेल्यांना अजून कळायचंय.

आपण धंद्याच्या विरोधात नाही. २००५ साली पुण्यात डिक्की निघाली, दलित उद्योजकांची संघटना उभी राहिली. पोरांनी कारखाने काढावेत, जरूर काढावेत. पण मग हक्काचं मागा. २०१६ साली केंद्र सरकारनं स्टँड अप इंडिया योजना काढली. दर बँक शाखेनं निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि निदान एका बाईला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यायचं, असं त्या योजनेत लिहिलेलं. सोलापुरात शाखा किती? कर्जं किती दिली? हा प्रश्न मेळाव्यातल्या बँकवाल्या साहेबाला आपल्या दोन वक्त्यांपैकी एकानं तरी विचारावा. नाही विचारणार. पेला हातात असला की माहितीचा अधिकार आठवत नाही.

दुसरी बैठक, वाइन. हिच्यातच या मंडळींची खरी संस्कृती आहे. पेला कसा धरायचा, कसा हलवायचा, वास कसा घ्यायचा, हे शिकवायला माणूस बोलावतात. आपल्या जिल्ह्यातच अकलूजजवळ फ्राटेली नावाची वाइन कंपनी उभी आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की, अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून काढलेली. फ्राटेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. सरकारनं २००१ साली वाइनचं धोरण आणलं, कर माफ केला. २०२२ च्या जानेवारीत तर मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. शेतकऱ्याचं भलं होईल म्हणून! गदारोळ झाला, निर्णय अंमलात आला नाही. त्या कंपनीशी माझं भांडण नाही. कायद्यानं धंदा करतात. भांडण आहे ते दोन भाषांशी.

कारण याच जिल्ह्यात, सोलापूरला लागून, मुळेगाव तांडा आहे. तिथं हातभट्टी लागायची. ती गुन्हा. तिच्यावर धाड. गूळ-पाण्याची बॅरलं ओतून द्यायची, बाई-माणसाला पोलीस गाडीत घालायचं, पेपरात फोटो. २०२१ साली ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' काढलं, नुसत्या धाडी न घालता लोकांना दुसरा धंदा द्यायचा प्रयत्न केला. ते चांगलं झालं. पण फरक बघा. द्राक्षाचा रस आंबला की उद्योग, गूळ आंबला की गुन्हा. एकाला कर माफ, दुसऱ्याला कोठडी. एकाच्या दारात सहली जातात, दुसऱ्याच्या दारात व्हॅन. ज्यांना इंग्रजानं १८७१ साली जन्मतः गुन्हेगार ठरवलं, ज्यांना याच सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंटमध्ये डांबलं, ज्यांच्या कपाळावरचा तो कायदा १९५२ साली पुसला, त्यांना ही दोन भाषांची गंमत नीट समजते.

कुणी म्हणेल, मग काय हातभट्टीची तरफदारी करता? नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. मेली ती झोपडपट्टीतली. नवऱ्याच्या दारूपायी मार खाल्लेल्या आया आपल्याच वस्तीत आहेत. बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याकडून दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली, तेव्हा देशी, विदेशी, गुळाची, द्राक्षाची असा फरक केला नव्हता. बुद्धाच्या पाचव्या शीलातही तो नाही. सकाळी विहारात शील घ्यायचं आणि संध्याकाळी वाइन म्हणजे दारू नव्हेच म्हणून पेला हलवायचा, हा धंदा आपल्या साहेबांनी बंद करावा. वस्तीतल्या दारुड्याला तुम्ही ज्या तोंडानं शिव्या देता, त्याच तोंडाला तो पेला लावता, एवढंच म्हणतो.

तिसरी बैठक, दातृत्व. हा शब्द ऐकला की मला मंगळवेढा आठवतं. चोखोबा तिथं गावकुसाच्या भिंतीच्या कामावर वेठीला होते, भिंत कोसळली आणि तिच्याखाली गेले. भिंत बांधणारा भिंतीखाली आणि पैसे देणाऱ्याचं नाव भिंतीवर, ही आपल्याकडची दातृत्वाची जुनी रीत. आता कोनशिला संगमरवरी झाली, एवढाच फरक.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला देणं लावून दिलं. कायद्यानं लावलेलं देणं हे लोक दातृत्व म्हणून मिरवतात. आणि बाबासाहेबांनी काय मागितलं होतं? १५ ऑक्टोबर १९५६. धर्मांतराचा दुसरा दिवस. नागपुरात समोर बसलेले लोक मजूर, शेतमजूर, गिरणीकामगार. त्यांना बाबासाहेबांनी सांगितलं की आपल्या कमाईचा विसावा हिस्सा या कार्याला द्या. विसावा म्हणजे शंभरात पाच. नफ्यातले नव्हे, कमाईतले. पोट भरायच्या आधीचे. शेठजीचे दोन टक्के दातृत्व आणि आपल्या आईबापांचे पाच टक्के कर्तव्य. आता सांगा, दाता कोण?

आता आपले साहेब म्हणतील, "अरे बाबा, आत गेल्याशिवाय ओळखी कशा होणार? नेटवर्किंग पाहिजेच. बाबासाहेबांनी नाही का ओळखी ठेवल्या?" ठेवल्या. त्याचाच हिशेब मांडतो.

कोलंबियात बाबासाहेबांबरोबर नवल भथेना नावाचा पारशी दोस्त होता. १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत जायचं, तर पैसे कमी पडले. भथेनानं पाच हजार रुपये उसने दिले. शाहू महाराजांनीही मदत केली. ही खरी माजी विद्यार्थ्यांची ओळख. तिला हॉल लागला नाही, पेला लागला नाही, पाटी लागली नाही. आणि त्या पैशाचं पुढं काय झालं? १९२३ साली बाबासाहेब परतले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. आणि सभेनं ४ जानेवारी १९२५ ला वसतिगृह उघडलं. कुठं? मुंबईत नव्हे. आपल्या सोलापुरात. हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य पोरांसाठी. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं, सगळा खर्च सभेचा. सोलापूर नगरपालिका महिन्याला ४० रुपये द्यायची. त्या वसतिगृहातली पोरं 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवायची. नाव काय का असेना, लिहिणारे हात आपले होते.

हे आहे नेटवर्किंग. एका दोस्तानं एकाला हात दिला, त्यानं परत येऊन पुढच्या खोलीभर पोरांना दिला. भथेना ते बाबासाहेब, बाबासाहेब ते सोलापूर. साखळी कुठंही तुटली नाही. तुटली ती आपल्यात. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेब बोलले ते शिकलेल्यांनी निराशा केली म्हणून. शिकलेला म्हणजे कोण? मी. तुम्ही. पत्रिकेवरचे ते दोघं.

आणि शिष्यवृत्ती म्हणजे कुणाचं दातृत्व नव्हे, हेही आपल्या साहेबांना सांगायची वेळ आलीय. अनुसूचित जातींची ती शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हा. तो हक्क आहे. पण तिचे पैसे वेळेवर आले नाहीत की कॉलेजचा क्लार्क पोराला दारात उभं करतो. असल्या दारात उभा राहून मीही परीक्षेचा पास मागितलाय. त्या पोरासाठी मेळाव्यात ठराव होत नाही. त्याच्यातलाच एखादा हुशार निवडतात, स्टेजवर बोलावतात, पाकीट देतात, फोटो काढतात. पोरगं मान खाली घालून उभं असतं. एकाला पाकीट आणि बाकीच्यांचा हक्क थकलेला. याला दातृत्व म्हणत नाहीत. याला तोंड बंद करणं म्हणतात.

म्हणून दोस्तहो, मेळाव्याबाहेर घोषणा देऊन आपलं भागणार नाही. तीन कामं आहेत.

एक. आपल्या कॉलेजात माहितीच्या अर्जानं विचारा, किती पोरांची शिष्यवृत्ती थकलीय आणि किती महिने. माजी विद्यार्थ्यांकडून आलेला पैसा कशावर गेला, तेही विचारा. उत्तर वस्तीतल्या फळ्यावर लिहा.

दोन. जे माजी विद्यार्थी पत्रिकेत नाहीत त्यांची यादी आपण करू. विडीवाली, वॉचमन, रिक्षावाला, अर्ध्यात शिक्षण सुटलेला. त्यांचा मेळावा बुद्धविहारात. चहा आणि चिवडा. प्रत्येकाला एकच प्रश्न, तुझं शिक्षण कशानं सुटलं?

तीन. विसाव्या हिश्श्याची वही. ज्याला पगार आहे त्यानं स्वतः येऊन आकडा लिहायचा. साहेबांपासून सुरुवात. त्या दोघांच्या घरी मी स्वतः जाणार आहे वही घेऊन. दाता म्हणून सत्कार करायला नव्हे, थकबाकी मागायला. दिली तर ते आपले, मिठी मारू. नाही दिली तर त्यांनी बाबासाहेबांचा फोटो दिवाणखान्यातून काढावा आणि तिथं बाटल्यांची मांडणी करावी. निदान खोटं तरी राहणार नाही.

फ्राटेली म्हणजे भाऊ, हे वर सांगितलं. भाऊ म्हणवणं सोपं आहे. एका बाटलीभोवती बसलं की कुणीही भाऊ होतो. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन तत्त्वं फ्रेंच क्रांतीतून नव्हे, बुद्धाकडून घेतल्याचं १९५४ साली रेडिओवरून सांगितलं. त्या बंधुतेत कुणी वर उभा राहून खाली देत नाही. त्यात एकाचं जेवण अडलं की दुसऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

येत्या ४ जानेवारीला वही उघडायची. पहिल्या पानावर माझा आकडा असेल. दुसऱ्यावर तुमचा.

जय भीम!