शिवीचें कुळ

शिवी ही अडाण्यांची भाषा, अशी सुशिक्षित घरांतून एक समजूत असते. मुलाच्या तोंडीं एखादी आली कीं, ती त्यानें कोठून उचलली याचा शोध प्रथम गड्यामाणसांत सुरू होतो! परंतु शिवीचें कुळ खरोखरच शोधूं गेल्यास तें थेट राजदरबारीं पोंचतें. मुंबईस परळ येथें शिलाहार राजा अपरादित्य याचा शके ११०८ चा शिलालेख सांपडला. त्यांत दानाचा मजकूर संस्कृतांत आहे. मात्र तें दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी चोख मराठींत! संस्कृत न जाणणाऱ्यासही ती कळावी, हाच हेतु असावा. ज्याला अक्षरओळखच नाहीं त्याच्यासाठीं अशा कित्येक दगडांवर चित्रही कोरीत. त्यांस 'गधेगाळ' म्हणतात. 'गाळ' म्हणजे संस्कृत 'गालि'. आपल्या 'शिवीगाळ' या शब्दांत ती अद्याप नांदत आहे. राजा गेल्यावर त्याचें दान राखणार कोण? जेथें शिपाई पोंचत नाहीं तेथें शिवी पोंचते.

या शिवींत गाढव आहे आणि दान मोडणाऱ्याची आई आहे. अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. जमीन लुबाडणार मुलगा आणि विटंबना आईची, हा कोठला न्याय? पण तो सर्वत्र चालतो. फिलिपाईन बेटांतील अत्यंत प्रचलित शिवीही आईवरचीच. तींतील 'पुता' हा शब्द स्पॅनिश राज्यकर्त्यांचा, आणि 'इना' म्हणजे आई, हा तेथल्या तागालोग भाषेचा. राज्यकर्ते गेले, शिवी राहिली.

बायकांच्या शिव्या बहुधा निराळ्या असतात. (सातारा जिल्ह्यांत बोरी आणि सुखेड येथील बायका श्रावणांत ओढ्याच्या दोन तीरांवरून एकमेकींस शिव्या देतात, तो 'बोरीचा बार' प्रसिद्धच आहे.) त्यांत मरण फार: 'मेल्या', 'मुडद्या'. आणि तरीही 'मेल्या, दोन घांस खाऊन जा' असें आजी म्हणते तेव्हां नातवाला त्यांत मरण ऐकूं येत नाहीं.

हीच बोली परभणी जिल्ह्यांतील गोदाकांठच्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरास बोलली. नामदेवाच्या घरची ती दासी. दासीनें उलट बोलावें तरी कोणाला? तिनें विठोबालाच धरलें. त्याचें मढें निघालें, रखुमाई विधवा झाली, इतक्या थरापर्यंत ती गेली आहे. टीकाकार याला निंदास्तुति म्हणून मोकळे होतात. आम्हांस तें नांव अपुरें वाटतें. जो आपला नव्हे त्याच्यावर असें कोणी ओरडत नाहीं. जनीच्या दळणाकांडणाचे अभंग मुलींना आवडीनें शिकविणाऱ्या वडीलमाणसांनीं हा अभंगही एकदां उघडून पाहावा. तो अंगणांतून, चारचौघांच्या देखत बोललेला आहे, आणि शेवटीं तिनें आपलें नांवही घातलें आहे: शिव्या देणारी ती दासी जनीच, दुसरी कोणी नव्हे.