कुलूप विकणाऱ्याचे दायित्व

घर बांधून देणाऱ्याची जबाबदारी वास्तुशांतीच्या जेवणावळीबरोबर संपते काय? पहिल्याच पावसात छत गळू लागले, तर त्याला बोलावून जाब विचारण्याचा आपला हक्क आपण गृहीत धरतो. संगणकप्रणाली विकणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हा साधा न्याय आपण विसरलो आहोत, असे आम्हांस वाटते.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभरच्या संगणकांना टाळे ठोकले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. ज्या भगदाडातून चोर शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिली होती. ती वेळेवर न बसविणाऱ्यांचा दोष आहेच. परंतु २०१४ साली देखभाल थांबविलेल्या 'विंडोज एक्सपी'साठी ती सर्वांना खुली झाली, ती हल्ल्यानंतर. तोवर त्या जुन्या प्रणालीची देखभाल वेगळे मोल मोजणाऱ्यांपुरती राखून ठेवली होती. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास आपण हसतो. खणलेली विहीर झाकून ठेवणाऱ्यास काय म्हणावे?

मग मुक्त प्रणालींचा मार्ग धरावा काय? तेथे मूळ आज्ञावली सर्वांपुढे उघडी असते. कर्त्याने हात आखडला तरी दुसरा जाणकार दुरुस्ती करू शकतो. केरळातील सरकारी शाळांनी लिनक्सचा हा मार्ग यशस्वीपणे चोखाळला आहे. तथापि पोथी उघडी असली, म्हणजे ती कोणी वाचतोच असे नाही. 'ओपन-एसएसएल' या मुक्त प्रणालीतील 'हार्टब्लीड' हा दोष सुमारे दोन वर्षे कोणाच्या ध्यानी आला नाही. तो २०१४ साली उघड झाला. तिची देखभाल मोजक्याच हातांवर चालली होती. सारांश, मुक्ततेलाही राखणदार लागतो, आणि राखणदाराला वेतन.

युरोपीय संघाने २०२४ साली कायदा करून उत्पादकांवर सुरक्षा-दुरुस्तीचे बंधन घातले. सामान्यतः किमान पाच वर्षांचे. त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाच्या आहेत. इकडे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'ची नियमित देखभाल थांबली, आणि शाळाशाळांतील धडधाकट यंत्रे एका रात्रीत म्हातारी ठरली.

म्हणून संस्थाचालकांस आमची विनंती आहे : खरेदीपूर्वी किमतीबरोबरच दुरुस्त्या किती वर्षे व विनामूल्य मिळतील, हे लेखी मागून घ्यावे. विक्रेता उत्तर टाळू लागला, तर मुक्त प्रणालीचा विचार अवश्य करावा. मात्र तिची निगा राखणाऱ्या माणसाची तरतूद अंदाजपत्रकात आधी करावी.