रूळ सर्वांचे, माल कुणाचा?

कोलाड म्हटले की मुंबई-पुण्याच्या तरुण मंडळींना कुंडलिकेच्या उसळत्या पाण्यातील रबरी होड्या आठवतात. प्रस्तुत लेखकाच्या पिढीला मात्र कोलाड आठवते ते रेल्वेस्थानकामुळे. 26 जानेवारी 1999 रोजी कोकण रेल्वेने येथून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत मालमोटारींसाठी ‘रो-रो’ सेवा सुरू केली. भरलेला ट्रक सपाट वाघिणीवर चढवायचा, चालकाने केबिनमध्येच पथारी पसरायची आणि घाटवळणांचा त्रास टाळून थेट गोवा गाठायचा. ट्रकमालकाला ना बोगदा खणावा लागतो, ना पूल बांधावा लागतो. त्याने फक्त आपला माल आणायचा. 2025 च्या गणेशोत्सवात खाजगी मोटारींसाठीही ही सोय कोलाडहूनच सुरू झाली.

हे सारे आठवण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या पावसाळ्यात मेहुण्याच्या घरी कोलाडला मुक्काम होता. भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘काका, तुम्हाला एक गंमत दाखवतो’ म्हणत त्याने माडीवर नेले. टेबलावर प्लास्टिकचे दोन हात बसवलेले होते. खांद्यापासून चिमट्यापर्यंत प्रत्येकात सहा मोटारी. एक हात आपण धरून हलवायचा; दुसरा त्याची हुबेहूब नक्कल करतो. शेजारी पेणच्या एका कारखान्यातून आणलेली वीतभर उंचीची, न रंगवलेली गणेशमूर्ती. ती अलगद उचलून गवत भरलेल्या खोक्यात ठेवणे, एवढेच त्या यंत्राला शिकवायचे होते.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्राला ‘शिकवायचे’ म्हणजे आकड्यांची लांबलचक आज्ञावली लिहायची, अशी आमची समजूत. येथे तसे काही नव्हते. भाच्याने पहिला हात स्वतः धरून तीच कृती पन्नास वेळा केली. दोन कॅमेऱ्यांनी ती टिपली, सांध्यांचे कोन क्षणाक्षणाला नोंदले गेले, आणि त्या नोंदींवरून संगणकाने रात्रभर खपून ‘असे दिसले की असे हलायचे’ हा संबंध आपला आपण शोधून काढला. सकाळी त्या हाताने एकट्याने मूर्ती उचलली तेव्हा मेहुणीने नकळत हात जोडले. गुरूने करून दाखवावे, शिष्याने पाहून करावे, ही आपल्या कारागिरांची शिकवण्याची रीतच नव्हे काय?

दुपारी मात्र फजिती झाली. ढग दाटून आले, खिडकीतला उजेड मावळला आणि तोच हात मूर्तीच्या बोटभर अलीकडे चिमटा मिटू लागला. सकाळच्या उजेडात शिकलेल्या यंत्राला आषाढातला अंधार ठाऊकच नव्हता. ‘आता पावसातले धडे घ्यायला हवेत,’ भाचा म्हणाला. हे वाक्य ध्यानात ठेवावे. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

या हातांची रेखाटने, ते चालवणारी आज्ञावली आणि शिकण्याची युक्ती, सगळे त्याने विनामूल्य उतरवून घेतले होते. हगिंग फेस या कंपनीने 2024 साली ‘लेरोबो’ नावाने हा संच खुला केला. दोन्ही हातांचे सुटे भाग अमेरिकेत सव्वादोनशे डॉलरच्या घरात मिळतात. त्याच्याही आधीची पायाभरणी ‘रॉस’ या प्रणालीची. स्टॅनफर्ड विद्यापीठात तिचा उगम झाला आणि 2007 पासून कॅलिफोर्नियातील विलो गॅरेज या संस्थेने ती वाढवली. तोवर प्रत्येक संशोधक कॅमेऱ्याचे चित्र मोटारीच्या नियंत्रकापर्यंत कसे पोहोचवावे याच खटपटीत वर्षे घालवत असे. रॉसने हे दळणवळण एकदाच बांधून दिले. ते कोकण रेल्वेचे रूळ समजा. आपण आपला ट्रक चढवायचा. पुढे 2014 मध्ये विलो गॅरेज बंद पडली, पण रॉस बंद पडली नाही, कारण तिची संहिता तोवर जगभर अनेकांच्या हाती होती. उलट उदाहरणही आहे. यंत्राच्या हालचाली संगणकातच आजमावून पाहण्याचे ‘मुजोको’ हे साधन वर्षानुवर्षे विकत घ्यावे लागे. 2021 मध्ये डीपमाइंडने ते खरेदी करून फुकट केले आणि 2022 च्या मे महिन्यात त्याची संहिताही उघड केली. येथे दार उघडले ते मालकाच्या मर्जीने, हे विसरू नये.

परवाच्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, ‘फुकट दिलेल्या परक्या वस्तूत काहीतरी काळेबेरे असतेच.’ त्यांच्या शंकेचा आदर राखून सांगावेसे वाटते की, शंका घ्यायची तर ती बंदिस्त यंत्राविषयी घ्यावी. कारखान्यातील परदेशी यंत्राच्या पोटात काय लिहिले आहे हे मालकालाही दिसत नाही. बिघाड झाला की परदेशी तंत्रज्ञाची वाट पाहणे आले. मुक्त संहिता वाचता येते, बदलता येते, आपल्या नावाने पुढे नेता येते. वस्तू कुठे जन्मली यापेक्षा ती उघडून दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाला आहे, ही स्वदेशीची अधिक कठोर कसोटी आहे. या कसोटीवर परदेशी खोक्यावर तिरंगी चिकटपट्टी लावून ‘स्वदेशी रोबो’ म्हणून मिरवणारे मात्र नापास होतात. टाळ्या वाजवताना आपणही ते तपासत नाही.

दोष केवळ त्यांचाच नाही. 2008 साली आशियाई देशांची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली. विषय होता ‘गोविंदा’! दहीहंडीची कल्पना घेऊन देशोदेशीचे विद्यार्थी आपले यंत्रमानव घेऊन आले होते. आपल्या मुलांकडे बुद्धी आणि जिद्द किती आहे, हे अशा स्पर्धांत दिसतेच. पण एका महाविद्यालयात, नाव सांगत नाही, आदल्या वर्षीच्या संघाने काय लिहिले होते असे विचारले, तर उत्तर मिळाले, ‘ती मुले पास होऊन गेली.’ आज्ञावलीही त्यांच्याबरोबर गेली होती. दरवर्षी नवा संघ, दरवर्षी शून्यापासून सुरुवात. ज्या समाजाने ग्रंथच्या ग्रंथ मुखोद्गत ठेवून पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्याला चार वर्षांचे काम जपता येऊ नये?

ही सवय मोडता येते. मुंबईच्या आयआयटीतील ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने रॉसवर आधारित आव्हाने देशभरच्या महाविद्यालयांपुढे ठेवली. तेथीलच ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे ‘सायलॅब’ या मूळच्या फ्रेंच मुक्त साधनात लिहून सर्वांसाठी खुली केली. ‘स्पोकन ट्युटोरियल’चे काही पाठ मराठीतही ऐकता येतात. घेतलेल्यात भर घालून परत देणे म्हणजे काय, ते येथे दिसते. रोबो शिकवण्याच्या नव्या साधनांवर मात्र मराठीत म्हणण्यासारखे लेखन मला आढळले नाही. आयटीआयच्या मुलाला जोडणीचा स्क्रू कळतो, सूचनापत्रातली इंग्रजी कळत नाही. हे काम संगणकतज्ज्ञांची वाट न पाहता आपल्यातील निवृत्त शिक्षकही करू शकतील.

आता पावसातल्या धड्यांकडे. नव्या पद्धतीत आज्ञावलीहून मोलाची झाली आहे ती नोंद, म्हणजे कुणीतरी हाताने करून दाखवलेले काम. 2023 साली अनेक देशांतील प्रयोगशाळांनी एकत्र येऊन 22 प्रकारच्या यंत्रांच्या दहा लाखांहून अधिक कृती एका भांडारात जमवल्या. रूळ सर्वांचे झाले. पण वाघिणीवर माल चढतो आहे तो ज्याने नोंदला त्याचाच. कोलाडचा आषाढ, ओल्या शाडूचा निसरडा स्पर्श, फणस सोलणाऱ्या हाताची कला आपण नोंदली नाही, तर ती त्या भांडारात नसेल. मग तिकडच्या उजेडात शिकलेले यंत्र आपण पैसे मोजून आणू आणि ते पावसाळ्यात बोटभर चुकेल.

मात्र येथे एक पेच आहे आणि त्यावरून घाईने पुढे जाणे मला जमत नाही. पेणच्या गणेशमूर्तींना 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे नावाला कायद्याचे संरक्षण आले. पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराच्या मनगटाला ते कुठे आहे? त्याची पन्नास आवर्तने टिपून जगाला वाटून टाकली, तर उद्या ती कुणीही, कुठेही वापरील. कौशल्य दडवून ठेवल्यामुळे आपल्याकडच्या कित्येक कला कारागिराबरोबरच चितेवर गेल्या, हे खरे. तशीच ती विनापरतावा वाटून टाकणे म्हणजे कारागिरालाच औदार्याचा भुर्दंड भरायला लावणे, हेही तितकेच खरे. संहिता मुक्त असावी, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. हाताच्या नोंदीबाबत मात्र ज्याचा हात त्याला आधी विचारावे, त्याचे नाव लागावे आणि व्यापारी उपयोग झाल्यास त्याला वाटा मिळावा, अशा अटींचा परवाना हवा. असे परवाने लिहिणे हे वकिलांचे आणि कारागिरांच्या संघटनांचे काम आहे, आणि त्यासाठी फार वर्षे हाताशी नाहीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी भाच्याबरोबर पेणला त्या कारखान्यात गेलो. मालकांनी मोबाइलवर यंत्राच्या हाताची चित्रफीत दोनदा पाहिली. ‘उचलायला ठीक आहे, पावसात माणसे मिळत नाहीत,’ ते म्हणाले. मग आत आखणीला बसलेल्या वृद्ध गृहस्थांकडे बोट करून विचारले, ‘पण त्यांचे शिकवलेत, तर ते कुणाच्या नावावर राहणार?’ भाच्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन त्याने नोंदीचे पान मला दाखवले. त्यात ‘परवाना’ असा एक रकाना असतो. तो त्याने अद्याप भरलेला नाही.