चिठ्ठी गरिबाच्या हातीं, किल्ली घरवाल्याच्या!

शेतकरी-कारागीर बंधूंनो, अमेरिका कुबेराचा देश खरा. पण गरिबाच्या डोक्यावर छप्पर तेथेंही सुखानें येत नाहीं. तेथील सरकारनें १९७४ च्या कायद्यानें भाड्यास मदत देण्याची योजना काढली. आज ती चिठ्ठीच्या रूपानें चालते. भाडेकऱ्यानें उत्पन्नाचे सुमारें ३० टक्के भरावे, बाकीचें भाडें ठरीव मर्यादेपर्यंत सरकारनें घरमालकास द्यावें.

योजना वाईट नाहीं. १९९४ पासून बॉस्टन, शिकागो आदि पांच शहरांत प्रयोग झाला. तेरा वर्षांच्या आंत जीं मुलें चिठ्ठीवर कंगाल वस्तींतून बऱ्या वस्तींत गेलीं, त्यांची मोठेपणची कमाई सुमारें ३१ टक्के अधिक भरली, असें २०१५ सालीं दिसून आलें. म्हणजे खोट मुलांच्या रक्तांत नव्हती!

पण मदतीस पात्र अशा चार कुटुंबांपैकीं जेमतेम एकास मदत मिळते. चिठ्ठी मिळाली तरी अनेक घरमालक दारांतूनच परतवतात; कांहीं राज्यें व शहरें सोडलीं तर कायदा त्यांचा हात धरीत नाहीं. मुदतींत घर न मिळाल्यास चिठ्ठी रद्द! मग हीं कुटुंबें पुन्हां पडक्या वस्त्यांतच कोंबलीं जातात, आणि शहाणे म्हणतात, यांनींच वस्ती बिघडविली. वाहवा रे न्याय!

विहीर गांवाची, पोहरा सावकाराच्या हातीं, असा हा प्रकार. पात्र त्या प्रत्येकास चिठ्ठी द्या, व ती नाकारणाऱ्यास दंड करा. मर्जीवर मिळतो तो हक्क नव्हे, ती भीक होय!