स्लॅबचा हिशेब

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. लग्नाच्या खर्चाचा अंदाज चुकला तर उसनवारी होते व ती वर्षा-दोन वर्षांत फिटते. छताचा अंदाज चुकला तर मात्र ती चूक आयुष्यभर डोक्यावर राहते. म्हणून या महिन्यात साहित्याचा विषय बाजूस ठेवून सिमेंट, रेती व सळई यांच्या हिशेबाकडे वळण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या सुरतेत तापीकाठच्या लोहमार्गाने खानदेशातून आलेली किती तरी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली. प्रथम भाड्याची खोली, मग पत्र्याचे घर आणि पुढे केव्हा तरी पक्का स्लॅब, हा त्यांचा ठरलेला क्रम. त्या स्लॅबमध्ये यजमानांचा भविष्यनिर्वाह निधी असतो व पुष्कळदा घरच्या लक्ष्मीच्या पाटल्याही असतात. ऑगस्ट २००६ च्या महापुरात तळमजले बुडाले, तेव्हा अनेक कुटुंबांनी वरच्या मजल्यांवर व गच्चीवर दिवस काढले. छत म्हणजे काय, हे सुरतकरास निराळे सांगावयास नको. असे असूनही स्लॅबला किती माल लागेल, हे आपण सर्वस्वी मिस्त्रीच्या तोंडी अंदाजावर सोडतो. वास्तविक त्यास शाळेतील घनफळाच्या धड्याहून अधिक गणित लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. स्लॅब २० फूट लांब, १५ फूट रुंद व ५ इंच जाड आहे. मध्ये एक तुळई आहे, पण तिचा हिशेब वेगळा करावयाचा. जाडी व सळई किती असावी, हे अभियंत्यानेच ठरवावे. तेथे आपली हुशारी चालवू नये. वीस गुणिले पंधरा म्हणजे ३०० चौरस फूट. त्यास ५ ने गुणून १२ ने भागिले की १२५ घनफूट येतात. एवढे ओले काँक्रीट आपणास हवे.

परंतु १२५ घनफूट कोरडा माल आणून भागत नाही. गृहिणींस हे चटकन पटेल. डबाभर लिंबांत वाटाणे ओतले तर ते फटींत शिरतात, व वाटाण्यांच्या फटींत वर रवाही मावतो. तिन्ही जिन्नस वेगवेगळे मोजले तर मात्र डब्याहून अधिक भरतात. तसेच खडीच्या, म्हणजे येथे आपण जिला कपची म्हणतो तिच्या, पोकळीत रेती बसते व रेतीच्या पोकळीत सिमेंट. म्हणून ओल्या मापास १.५४ ने गुणण्याचा प्रघात आहे. त्याप्रमाणे १२५ चे १९२.५ घनफूट होतात.

आता प्रमाण. जुन्या मंडळींच्या तोंडी एकास दोन व चार हे प्रमाण असते. भारतीय मानकांच्या ४५६ क्रमांकाच्या संहितेच्या १९७८ च्या आवृत्तीत त्या प्रतीचे काँक्रीट सळईच्या कामास चालत असे. २००० च्या आवृत्तीने किमान प्रत वाढवून 'एम २०' केली. तिचे ढोबळ प्रमाण सिमेंट १, रेती दीड, कपची ३. एकूण भाग साडेपाच. १९२.५ ला ५.५ ने भागिले की बरोबर ३५ येतात. तेव्हा सिमेंट ३५ घनफूट, रेती साडेबावन्न व कपची १०५. पन्नास किलोच्या पोत्यात सुमारे सव्वा घनफूट सिमेंट असते, म्हणून पोती २८. सांडलवंड धरून ३० मागवावीत. शंभर घनफुटांचा एक ब्रास. अर्थात रेती अर्ध्या ब्रासहून थोडी अधिक व कपची एका ब्रासहून थोडी अधिक.

सळईचे वजन काढण्याची युक्तीही सोपी आहे. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागावे. एका मीटरचे वजन किलोत मिळते. दहा मिलिमीटरची सळई मीटरला ०.६१७ किलो व आठची ०.३९५ किलो भरते. समजा, नकाशात १० मिलिमीटरच्या सळया लांबीच्या दिशेने सहा-सहा इंचांवर दाखविल्या आहेत. पंधरा फूट रुंदीत अशा ३१ सळया बसतात. प्रत्येकी २० फूट, म्हणजे ६२० फूट, म्हणजे १८९ मीटर. वजन सुमारे ११७ किलो. आडव्या ८ मिलिमीटरच्या सळया तितक्याच अंतरावर ४१ लागतील; त्यांचे वजन सुमारे ७४ किलो. एकूण १९१ किलो. वाक, जोड व तुळईवरील जादा सळई नकाशावरून मोजून यात मिळवावी.

हिशेब कागदावर जुळूनही प्रत्यक्षात माल कमी का पडतो? आमच्या परिचयातील एका गृहस्थांच्या घरी सायंकाळी चार पोती सिमेंट कमी पडले. दुकान बंद, मजूर जाण्याच्या घाईत. उरलेला कोपरा दुसऱ्या दिवशी भरला गेला आणि त्या जोडातून आजही दर पावसाळ्यात पाणी झिरपते. याहून वाईट मार्ग म्हणजे उरलेल्या सिमेंटात रेती व पाणी वाढवून वेळ मारून नेणे. तो दोष वरून दिसतही नाही.

अशा तुटीची दोन कारणे नेहमी आढळतात. पहिले, सेंट्रिंगच्या फळ्या समपातळीत नसणे. स्लॅब सर्वत्र अर्धा इंच जाड झाला तर साडेबारा घनफूट काँक्रीट, म्हणजे जवळजवळ तीन पोती सिमेंट, जादा लागते. दुसरे कारण ओलसर रेती. किंचित भिजलेली रेती फुगते; तिचे आकारमान वीस ते तीस टक्क्यांनी वाढू शकते. घमेले भरलेले दिसते, पण आत रेती कमी असते. त्यामुळे प्रत्येक पोत्यामागे काँक्रीट कमी तयार होते व सिमेंट आधी संपते. याची परीक्षा घरी होते. काचेच्या बरणीत ओलसर रेती २० सेंटिमीटर भरावी, पाणी ओतून ढवळावी व स्थिर होऊ द्यावी. ती १६ सेंटिमीटरवर बसली तर फुगवटा पंचवीस टक्के. तेवढ्या प्रमाणात रेतीचे माप वाढवावे. डुमसच्या किनाऱ्यावरील रेती मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये. तिच्यातील क्षाराने सळई गंजते.

पाण्याचाही हिशेब असतो. या प्रतीस एका पोत्यामागे ३० लिटरहून अधिक पाणी नको, आणि त्यात रेतीतील ओलही आली. काम लवकर सरकावे म्हणून मजूर नळी सोडतात. तेथे घरच्या माणसाने उभे राहावे. नंतर मात्र पाण्यात कंजूषी नको. हल्लीच्या राखमिश्रित सिमेंटास किमान दहा दिवस ओलावा हवा.

आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. स्लॅबच्या आठवडाभर आधी नकाशा व वही घेऊन घरातील आठवी-नववीच्या मुलामुलींकडून हा हिशेब करवून घ्यावा, अभियंत्यास दाखवावा व मगच माल सांगावा. स्लॅबच्या दिवशी नारळ फोडण्यापूर्वी पोती एकदा मोजावीत आणि नजीकच्या दुकानदारास दोन-चार पोती राखून ठेवण्यास सांगावे. ती लागली नाहीत तर गिलाव्यास उपयोगी पडतील.